तुझा अर्ज मी नंतर वाचला

महानंदा, गुरुवारी ये म्हणालीस म्हणून मी गुरुवारी आले.

हॉलंडहून सुट्टीला गावी, नायगावला आलेली होते. तिथून सकाळची पहिली बस धरली. नांदेडला गाडी बदलली. अहमदपूरच्या स्टँडवर तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. वाटलं, भाकरी थापत असशील, हाताला पीठ असेल. लातूरला उतरून रिक्षानं तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आले, तर तुझ्या दारापुढं चपलाच चपला. पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं सांगू? आज हिच्याकडं काहीतरी कार्यक्रम आहे आणि हिनं मला सांगितलं नाही. थोडा रागही आला. चपला काढायला वाकले, तेवढ्यात आतून बायकांचा आवाज आला, आणि माझा हात पट्ट्यावर तसाच राहिला.

तुला भिंतीशी बसवलं होतं. तुमच्यात तसं बसवतात हे मला माहीत होतं, तुझ्या मावशीच्या वेळी पाहिलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, मांडीवर हात. पण बसलेलं माणूस गेलेलं आहे हे डोळ्यांना पटत नाही गं. मी कितीतरी वेळ तुझ्या मानेकडं बघत होते, आता ती हलेल म्हणून. सकाळी पूजा करून उठलीस, चहा ठेवलास आणि ओट्यापाशी खाली बसलीस, एवढंच भावजी सांगू शकले. त्या वेळी मी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते.

आज सहावा दिवस. अजून तुला सांगायच्या गोष्टी मनात जमा होतात आणि हात फोनकडं जातो. म्हणून लिहायला बसले आहे. दुसरं काही सुचत नाही.

मंगळवारी तुझा शेवटचा फोन आला होता. "गुरुवारी ये. एक कागद दाखवायचाय."

"कसला?"

"फोनवर न्हाई सांगणार. तू हसशील."

"मग हसेन. सांग तरी."

"न्हाई. समोर बसून हसायचं."

तुझ्याकडचा कागद म्हणजे कुणाचा तरी अर्ज असणार, हे मी धरूनच चालले होते. निलंग्याची ती नर्सिंगवाली मुलगी, उमरीचा तो कृषी पदवीधर, ज्यांना बाहेर शिकायला जायचं आहे आणि पैसे नाहीत, अशी पोरं तुझा पत्ता शोधत येत. तू त्यांचे अर्ज तपासायचीस आणि अडलं की हॉलंडला मला फोन करायचीस. सुरुवात माझ्यापासून झाली होती, हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. मी सांगते.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या. नावाच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि काही शिक्क्यांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. तू ते शाईच्या पेनानं खोडून वर 'लातूर' लिहायचीस. त्यात पावसानं पाठ फिरवलेली. मी औरंगाबादला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोरीला वजन बांधून, गावोगावच्या विहिरींचं पाणी किती खाली गेलं ते मोजत हिंडत होते. टँकर कुठल्या गावांना चालू आहेत त्याची यादी हवी होती, म्हणून मी कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत आले. तिथं टाइपरायटरमागं तू. उदगीरची, माझ्याच वयाची, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

"यादी मिळंल. अर्ज द्या. दोन प्रतीत," तू वर न बघता म्हणालीस.

"मला टायपिंग येत नाही."

"मग बसा तिथं. सांगा, मी मारते."

अर्ज टाइप करता करता तू थांबलीस. "ह्या विहिरी तुम्ही मोजता? स्वतः? उतरून?"

"दोरी सोडून."

"अव्वा!" म्हणालीस, आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं पाहिलंस. संध्याकाळी मला मावशीच्या घरी जेवायला नेलंस. मावशीनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध, हे आडनावावरून कळणारच होतं. मावशीचा हात ताटाशी थांबला. तू उठलीस, स्वतः वाढलंस आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसलीस. त्यावर आपण दोघी कधीच काही बोललो नाही.

परदेशी शिष्यवृत्तीची जाहिरात तूच आणलीस. वाचनालयाचा पेपर फाडायला नको म्हणून तू ती हातानं उतरून काढली होतीस. पत्ता, शेवटची तारीख, काय काय जोडायचं, सगळं. हॉलंडमध्ये भूजलाचा अभ्यासक्रम होता. मला तर हॉलंड नकाशात दाखवता आलं नसतं. तू म्हणालीस, "तुला कशाला दाखवायचंय, पोस्टमनला सापडलं म्हंजी झालं."

चार पानी निवेदन मी रात्रंदिवस लिहिलं. तिसरा परिच्छेद लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. गावची विहीर आटली की आमच्या वस्तीला पाणी शेवटी मिळायचं, ते त्यात होतं. आई घागर घेऊन उभी राहायची, हात लावायचा नाही, कुणीतरी वरून ओतायचं, तेही होतं. त्या रांगेत उभी राहून मी पहिल्यांदा विचार केला होता की पाणी जमिनीखाली जातं तरी कुठं. मी भूगर्भशास्त्राकडं का वळले त्याचं उत्तर तेवढंच होतं.

तू टाइप केलंस. मी सही केली. लिफाफा रजिस्टर झाला. मग चार दिवसांनी तुझ्याकडून कार्बनची प्रत घेतली आणि वाचली.

"तिसरा परिच्छेद कुठंय?"

"काढला."

"काढला म्हणजे?"

"त्याच्या जागी तुझ्या विहिरींचा तक्ता घातला. कुठली किती हात खाली गेली तो. सुमन, तू शिकायला निघालीस का दया मागायला?"

"ती दया नव्हती. ते माझं होतं."

"त्यांना काय करायचंय त्याचं? तुला मोजता येतं, हे त्यांना कळलं पायजे."

"तू त्या रांगेत कधी उभी राहिली नाहीस, महानंदा."

टाइपरायटरवर कापड घातलंस. मी तशीच निघून गेले. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा पेढे घेऊन आले. तू पेढा खाल्लास, मीही खाल्ला, पण तो परिच्छेद आपल्या दोघींच्या मधे तसाच बसून राहिला. तुझ्या काढण्यामुळं मला शिष्यवृत्ती मिळाली की काढूनही मिळाली, हे कुणालाच कळणार नव्हतं. इतक्या वर्षांत तीनदा तरी मी तो विषय काढला. प्रत्येक वेळी तू म्हणायचीस, "मिळाली ना?" आणि मी म्हणायचे, "प्रश्न तो नाही." तिथंच आपलं भांडण थांबायचं.

पण पुढं जे केलंस त्याला मी काय म्हणू? शिष्यवृत्ती एकाच वर्षाची होती, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. दुसऱ्या वर्षाचं विद्यापीठ बघेल, असं मी समजून चालले होते. तिथं गेल्यावर कळलं की परदेशी विद्यार्थ्यानं आपलं आपण बघायचं. फेब्रुवारीत मी तुला पत्र लिहिलं की जूनमध्ये परत येते. बॅगसुद्धा पलंगाखालून बाहेर काढली होती.

तुझं उत्तर आलं ते नेहमीचं निळं हवाई पत्र नव्हे, जाड लिफाफा. आत अकरा पत्ते. मुंबईला कुणी लग्नाला निघालं होतं, त्याच्या गळ्यात पडून तू एका मोठ्या ग्रंथालयातून ते उतरवून मागवले होतेस. सोबतचं पत्र मला पाठ आहे:

"एकच मोठी शिष्यवृत्ती शोधत बसू नकोस. बारक्या तीन मिळाल्या तरी वर्ष निघतं. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची जी कचेरी असेल तिथं रोज जा. साहेबाकडं जाऊ नकोस. साहेबाला नियम माहीत असतात, क्लार्कला वाटा माहीत असतात. मी क्लार्क हाय म्हणून सांगते. प्राध्यापकांच्या बायकांचं मंडळ असतं, चर्चचा फंड असतो, प्रबंधासाठी वेगळी मदत असते. कुणी आपणहून सांगत नसतं. विचारायला लाजू नकोस. आणि प्रत्येक अर्जाची एक प्रत जवळ ठेव."

परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत एक उंच, रागीट दिसणारी बाई बसायची. तिच्या दारावरून मी सहा महिने नुसती जात-येत होते. तुझं पत्र आलं त्या दिवशी आत गेले. माझं इंग्रजी अडखळत होतं. तिनं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि म्हणाली, "इतके दिवस का नाही आलात?" बायकांच्या मंडळाची एक मदत, चर्चच्या फंडाची एक, आणि प्रयोगशाळेत आठवड्याला काही तासांचं काम. दुसरं वर्ष निघालं. त्यावर पुढची पीएच.डी., त्यावर नोकरी, त्यावर हे सगळं आयुष्य. बॅग मी परत पलंगाखाली सरकवली ती तुझ्यामुळं. तुला हे नीट, शब्दांत, कधी सांगितलं नाही. तुला आवडलं नसतं असं मी स्वतःला समजावायचे. खरं तर मलाच जमत नव्हतं.

शनिवारी दुपारी माणसं जरा पांगली तेव्हा भावजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्यांचं भुसार दुकान त्या दिवसापासून बंदच आहे. हातात तुझा फोन होता.

"ताई, ह्याच्यावर सारखं एक येऊन राहिलंय. इंग्रजीत हाय. बँकेचं असंल तर बघा."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं पत्र होतं. जुन्या सरकारी कागदपत्रांच्या जतनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि त्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती. अंतिम यादीत तुमची निवड झाली आहे. मुलाखत सोमवारी, आपल्या वेळेनुसार दुपारी अडीचला. वर नाव तुझं.

मला वाटलं, कुणा मुलीनं तुझा ईमेल पत्ता दिला असेल. भावजींनी कपाटातून एक फाइल काढली, तुझीच, नाडी बांधलेली. त्यात अर्जाची प्रत. जन्मतारीख तुझी. सही तुझी. निवृत्त होऊन चार वर्षं झालेल्या बाईचा अर्ज.

निवेदन दोनच पानी होतं. मी तिथंच बसून ते वाचायला लागले. तू लिहिलं होतंस की नव्या जिल्ह्याच्या टंचाई शाखेत तू टायपिस्ट म्हणून लागलीस आणि गावागावांतून येणारी पाण्याची मागणीपत्रं तुझ्या हातून गेली. मुदत संपलेले कागद नियमाप्रमाणं नष्ट होतात. ते नष्ट व्हायच्या आधी तू परवानगी घेऊन मागणीपत्रं वह्यांत उतरवून घेत आलीस, जवळजवळ सगळ्या नोकरीभर. का, तेही तू लिहिलं होतंस. मी मराठीत सांगते, मूळ तुझ्या इंग्रजीत आहे:

"तरुणपणी मी माझ्या मैत्रिणीच्या अर्जातून एक परिच्छेद काढून टाकला. तिच्या वस्तीला पाणी शेवटी मिळतं, असं तिनं लिहिलं होतं. मला ते रडगाणं वाटलं. त्यानंतर मी गावांची मागणीपत्रं नीट वाचू लागले. वस्तीचं नाव कागदाच्या तळाशी असे, किंवा नसेच. जे मी काढून टाकलं होतं ती नोंद होती. तेव्हापासून मी नोंदी उतरवते. त्या नीट कशा राखायच्या आणि लोकांना वाचायला कशा द्यायच्या, हे मला शिकायचं आहे."

महानंदा, हे तू अनोळखी माणसांना लिहिलंस. मला नाही सांगितलंस. दर वेळी नुसतं "मिळाली ना?" म्हणत राहिलीस. मी त्या खोलीत बसून तुझ्यावर चिडले. चिडायला तू समोर नव्हतीस.

मग दुसरं आठवलं आणि चिडणं जागच्या जागी थिजलं.

दिवाळीच्या सुमारास तू फोनवर सहज विचारलं होतंस. मी आता आमच्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती निवड समितीवर असते हे तुला ठाऊक होतं. "तुमच्याकडं वयस्कर बायांचे अर्ज येतात का गं?"

"येतात एखाद-दोन."

"मग?"

"मग काय, पहिल्या चाळणीतच बाजूला ठेवतो. साठीच्या बाईला शिकवून उपयोग काय? जागा पोरांसाठी असतात."

तू म्हणालीस, "हाव, बरोबर हाय." आणि उमरीच्या मुलाच्या व्हिसाचं बोलायला लागलीस.

अर्जात शिफारस देणाऱ्यांच्या जागी दोन नावं होती. एक निवृत्त नायब तहसीलदार, एक कॉलेजातल्या इतिहासाच्या बाई. माझं नाव नव्हतं. चाळीस वर्षांची मैत्रीण, परदेशात प्राध्यापक, आणि तू मला विचारलं नाहीस. का नाही विचारलंस, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भावजी दारात उभे होते. "काय हाय ताई?"

मी सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. "इंग्लंडला? ही?" मग म्हणाले, "मला इचारली असती तर मी न्हाई म्हणलो असतो का?"

मी फाइलची नाडी परत बांधायला घेतली.

"म्हणलो असतो," ते म्हणाले. "या वयात लोक काय म्हणतील, असं म्हणलो असतो. माहीत होतं तिला."

"मीही म्हणाले होते, भावजी," मी म्हणाले. पण काय म्हणाले होते ते मला त्यांना सांगता आलं नाही. तुलाच सांगते आहे. तुझा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर जन्मतारीख बघून मी पान उलटलं नसतं. निवेदनापर्यंत, वह्यांपर्यंत, त्या परिच्छेदापर्यंत मी पोचलेच नसते. हे मला कुणीतरी विचारायला हवं, आणि विचारणारं एकच माणूस होतं.

विद्यापीठाला ईमेल करून कळवता आलं असतं. मी लिहायला बसलेही. 'कळवण्यास दुःख होते' एवढं टाइप झालं आणि पुढं तुझं नाव लिहून त्याच्यापुढं क्रियापद लिहवेना. भावजी म्हणाले, "ते लोक तिची वाट बघत बसतील ना? मग तोंडानंच सांगू. बरं दिसतं."

काल सोमवारी अडीचला आम्ही दोघं तुझ्या टेबलाशी बसलो. भावजींनी धुतलेला सदरा घातला होता. मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर तिघं जण आले, दोन बायका आणि एक पिकलेल्या दाढीचा माणूस. मी तोंड उघडायच्या आत मधली बाई हसून म्हणाली, "नमस्कार. तुम्हाला भेटून फार आनंद झाला. तुमचं निवेदन आम्ही तिघांनी एकमेकांना वाचून दाखवलं."

त्यांना वाटलं मी तू आहे.

मी लगेच 'नाही' म्हणाले नाही. खोटं बोलायचं नव्हतं गं मला. पण ती बाई इतक्या आदरानं बघत होती, आणि ते बघणं तुझं होतं. ते कुणाला तरी पोचावं असं वाटलं. एक क्षण, दोन क्षण मी ते तुझ्यासाठी घेतलं. मग सांगितलं. तुम्ही जिची वाट बघताय ती गुरुवारी सकाळी गेली. मी तिची मैत्रीण. हे तिचे पती.

दाढीवाल्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. दुसरी बाई तोंडावर हात ठेवून बसली.

"काय म्हणून राहिले?" भावजींनी हळूच विचारलं.

"काही नाही. गप्प बसलेत."

"बसू द्या."

मग मधल्या बाईनं विचारलं की त्या वह्या सुरक्षित आहेत का. मी म्हटलं, आहेत, याच घरात, सगळ्या. भावजींना सांगितलं तर त्यांनी पडद्याकडं बघून दोन्ही हात जोडले. ती म्हणाली की वह्या कशा जपायच्या ते आम्ही लिहून पाठवू, आणि इतिहासाच्या बाईंनाही कळवू. निरोप घ्यायच्या आधी ती थांबली. म्हणाली, "आम्ही तिचं नाव बरोबर उच्चारतो आहोत का, माहीत नाही. एकदा सांगाल का?"

मी सांगितलं. महानंदा. सावकाश, तोडून तोडून.

तिनं म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. मग दुसऱ्या बाईनं म्हटलं. मग त्या दाढीवाल्यानं. तिघांच्या तोंडी ते वेगवेगळं ऐकू आलं, पण ते तुझंच नाव होतं. भावजींना त्यासाठी माझी गरज लागली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तुला 'अगं' खेरीज काही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. ते पुढं वाकले आणि पडद्यातल्या माणसांना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "महानंदा."